‘तुम्ही तर शिक्षक आहात, तुम्हाला काय सांगायचं?’

हे वाक्य मी ओपीडीत वर्षानुवर्षं वापरलं. समोर बसलेले आई किंवा वडील शिक्षक आहेत असं कळलं की डॉक्टरला जरा हायसं वाटतं. औषधाचा डोस दोनदा सांगावा लागत नाही, फाइल नीट लावलेली असते, दिलेल्या तारखेला माणूस येतो. त्यामुळे मी ते कौतुकानेच म्हणायचो. ज्याच्या घरात विशेष गरजा असलेलं मूल आहे, त्या शिक्षकाच्या पाठीवर हे वाक्य किती जड बसतं, हे मला मोखाड्याकडच्या एका बाईंनी दाखवून दिलं. (शिक्षिकेला आपल्याकडे बाईच म्हणतात, म्हणून लेखातही बाई. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

माझा दवाखाना नाशिकला. जव्हार इथून साधारण ८० किलोमीटर, मोखाडा त्याच रस्त्यावर अलीकडे. कागदोपत्री हे दोन्ही तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. पण मूल आजारी पडलं की तिथले बरेच पालक त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकच गाठतात. जव्हार-मोखाडा म्हटलं की आपल्याला कुपोषण आठवतं. वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला राज्य हादरलं, तेव्हापासून ही नावं बातम्यांत येतात ती त्याच कारणाने. तिथल्या पाड्यांवर शिकवणाऱ्या माणसांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. त्यातले अनेक जण बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले, सासर-माहेर दोन्ही लांब, आणि घरी लहान मूल.

या बाई आणि त्यांचे यजमान दोघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक. बाईंची शाळा द्विशिक्षकी, म्हणजे चार वर्ग आणि दोन शिक्षक. मुलाला पहिल्यांदा माझ्याकडे आणलं तेव्हा तो पावणेचार वर्षांचा होता. बोलत नव्हता. नाव घेतलं तर वळत नव्हता. टेबलावरचा पेपरवेट मात्र त्याने वीस मिनिटं न कंटाळता फिरवला.

मी विचारलं, ‘हे तुमच्या केव्हा लक्षात आलं?’

बाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘डॉक्टर, माझ्या वर्गातल्या एका पोराला ऐकू येत नाही हे मी आठ दिवसांत ओळखलं होतं. तपासणीला मीच पाठवलं त्याला. आणि हा माझ्या मांडीवर होता.’

शिक्षकाला का दिसत नाही?

या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, आणि त्यात बाईंची काही चूक नाही. प्राथमिक शिक्षकाचं प्रशिक्षण असतं सहा वर्षांपुढच्या मुलांचं. ऑटिझमची, म्हणजे मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात त्याची, पहिली लक्षणं दिसतात ती एक ते दोन वर्षांच्या दरम्यान. त्या वयाचं मूल शाळेत नसतंच. शिवाय वर्गात वीस मुलं शेजारी-शेजारी बसलेली असतात, वेगळं असलेलं लगेच उठून दिसतं. घरात एकच मूल. तुलना कुणाशी करणार?

आणि तिसरं कारण भीतीचं. सकाळपासून दुसऱ्यांच्या मुलांची प्रगती नोंदवणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलापुढे ‘अप्रगत’ हा शब्द मनातसुद्धा आणवत नाही. बाईंच्या पाड्यावरच्या अंगणवाडीसेविकेने मूल दीड वर्षाचं असताना एकदा म्हटलं होतं, ‘बाई, पोर हाकेला वळत नाय.’ बाईंना राग आला. दहावी शिकलेल्या बाईने मला सांगावं? हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना लाज वाटत होती.

इथे थोडं विषयांतर करतो. अंगणवाडी ही कल्पना याच जिल्ह्याची आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम केलं, त्यातून पाड्याच्या अंगणात भरणारी बालवाडी उभी राहिली. लहान मुलाकडे रोज, जवळून आणि त्याच्या घराच्या अंगणात बघणारी व्यक्ती असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे आम्हा डॉक्टरांना फार उशिरा कळलं. विकासातला उशीर पकडण्याच्या बाबतीत अनुभवी सेविकेचा डोळा माझ्या पाच मिनिटांच्या तपासणीपेक्षा पुष्कळदा चांगला असतो.

आता एक गंमत पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यातलं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांना वर्षातून एकदा तपासतं. जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, आजार आणि विकासातला उशीर या चारही गोष्टी त्यात बघायच्या असतात. पथक शाळेत येतं तेव्हा यादी कोण करतं? बाई. मुलांना रांगेत कोण उभं करतं? बाई. आणि बाईंचं स्वतःचं मूल? ते अंगणवाडीच्या पटावर नसतं, कारण ‘आपल्या मुलाला इंग्रजी मिडियम’ म्हणून त्याला तालुक्याच्या गावी खासगी नर्सरीत घातलेलं असतं. तपासणीच्या जाळीतून सगळा पाडा जातो, शिक्षकाचं मूल तेवढं बाहेर राहतं.

म्हणून शिक्षक पालकांना माझी पहिली विनंती. आपलं मूल कुठेही जात असो, ही चार लक्षणं स्वतः तपासा. वर्षाचं झाल्यावरही नावाला प्रतिसाद देत नाही. दीड वर्षाचं झालं तरी हवी ती वस्तू किंवा उडणारा पक्षी बोट दाखवून तुम्हाला ‘बघ’ म्हणत नाही. दोन वर्षांनंतरही ‘आई दे’, ‘बाबा आले’ अशी दोन शब्दांची जोडी नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, आधी येत असलेले शब्द कोणत्याही वयात गळाले. यातलं एक जरी असलं तरी थांबू नका. ‘मुलगे उशिरा बोलतात’, ‘त्याचे काकाही चार वर्षांनी बोलले’ ही वाक्यं घरोघरी तयार असतात. मूल बोलत नसेल तर पहिली तपासणी कानांची, मग बाकीचं. ऐकू येत नसताना वर्षभर बोलण्याची थेरपी चालू राहिल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

बाईंच्या घरी आणखी एक कारण सांगितलं गेलं होतं. शाळेच्या वेळात मुलाला सांभाळायला पाड्यावरच्या एक मावशी होत्या, त्या वारलीत बोलायच्या. घरी मराठी, मोबाइलवर इंग्रजी गाणी. आजी म्हणाल्या, ‘तीन भाषांनी पोर गोंधळलं, त्या बाईकडे ठेवू नका.’ मावशींचं काम गेलं. हे साफ चुकीचं होतं. दोन-तीन भाषा ऐकल्याने मूल मुकं होत नाही आणि ऑटिझम तर मुळीच होत नाही. जगातली कितीतरी मुलं अशीच वाढतात. उलट दिवसभर त्या मुलाशी बोलणारं, त्याला कडेवर घेऊन कोंबड्या दाखवणारं एकमेव माणूस आपण घालवलं. मोबाइलनेही ऑटिझम होत नाही, पण मोबाइल समोर असताना कुणी मुलाशी बोलत नाही, त्याचं नुकसान होतं.

मी केलेली चूक

निदान झालं. मी समजावलं की हा लसीमुळे किंवा आईच्या नोकरीमुळे झालेला आजार नाही, मेंदूची घडणच वेगळी आहे. औषधाने तो ‘बरा’ होत नाही, पण लहान वयात नीट मदत मिळाली तर संवाद, वागणूक, स्वतःची कामं यांत खूप फरक पडतो. पहिल्या काही वर्षांत मेंदू झपाट्याने शिकत असतो, म्हणून घाई. इथपर्यंत ठीक होतं.

मग मी स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी लिहून दिली, आठवड्यातून दोनदा. रोज यायला जमणार नव्हतं हे उघड होतं, म्हणून घरी करायच्या गोष्टींची दोन पानी यादी दिली आणि म्हणालो, ‘तुम्ही तर शिक्षक आहात, तुम्हाला काय सांगायचं?’

दीड महिन्याने बाई आल्या त्या एक रजिस्टर घेऊन. हजेरीपत्रकासारखे आखलेले रकाने, तारीख, उपक्रम, वेळ, प्रतिसाद. संध्याकाळी सहा ते साडेआठ रोज शिकवणी. घरी शैक्षणिक साहित्य तयार केलेलं, चित्रांची कार्डं, रंगीत मणी. मी ते बघून खूश झालो. इतक्यात बाईंनी पर्समधून चष्मा काढताना कार्डांचं पाकीट बाहेर आलं, आणि मूल उठून थेट दाराकडे पळालं. बाबांच्या पायांना मिठी मारून उभं राहिलं. आईने हात पुढे केला तरी येईना.

बाई म्हणाल्या, ‘आता हा माझ्याकडे येतच नाही, डॉक्टर. मी शाळेतून आले की लपतो.’

दिवसभर शाळेत बाई आणि घरी आल्यावर पुन्हा बाई, त्यामुळे त्या घरात आईच उरली नव्हती. ही गोष्ट बाईंनी केलेली नव्हती, मी करवली होती. त्यांना मी मदतनीस समजलो, पालक समजायचं विसरलो. शेतकरी आईला मी ती दोन पानी यादी दिली नसती. तिच्याशी बसून बोललो असतो, तिच्या दिवसात काय बसेल ते विचारलं असतं.

त्या दिवशी यादी रद्द केली. थेरपिस्टशी बोलून तीनच वेळा ठरवल्या: आंघोळ, जेवण आणि संध्याकाळी ओट्यावर. वेगळा तास नाही, कार्ड नाही. आंघोळीच्या वेळी तांब्या भरून हातात धरायचा आणि थांबायचं. मूल बघेल, हात पुढे करेल किंवा आवाज काढेल, तेव्हा ओतायचं आणि ‘पाणी’ म्हणायचं. भाकरीचे तुकडे एकदम न वाढता एकेक द्यायचा, तेही त्याने मागितल्यावर. ओट्यावर तो जे करतो तेच आपण करायचं. त्याने दगड फिरवला तर आपणही फिरवायचा. मूल शिकवणीत जेवढं शिकतं त्याहून जास्त अशा रोजच्या, परत परत घडणाऱ्या गोष्टींत शिकतं, कारण तिथे त्याला खरोखर काहीतरी हवं असतं. संध्याकाळचा ओटा सरांकडे दिला. आणि बाईंना सांगितलं की झोपताना फक्त कुशीत घ्या, काही शिकवू नका.

चमत्कार वगैरे झाला नाही. पण दोन महिन्यांनी तो आईच्या मांडीवर बसलेला आला.

थेरपिस्ट मंडळींनाही माझं हेच सांगणं आहे. शिक्षक पालक दिसला की गृहपाठ दुप्पट करू नका. त्याला शिकवता येतं हे खरं. संध्याकाळी साडेपाचला तो रिकामा झालेला असतो हेही तितकंच खरं.

वेळ कुठून आणायचा?

आता मुद्दा रजेचा. आठवड्यातून दोनदा थेरपी म्हणजे मोखाड्याच्या माणसाला दोन पूर्ण दिवस. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक गेला की दुसऱ्यावर चारही वर्ग, शिवाय पोषण आहार, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम. सहकारी तोंडाने काही म्हणत नाही, पण चेहऱ्यावर दिसतं. त्यामुळे रजा शिल्लक असूनही बाई घेत नव्हत्या.

नियम अगदीच नाहीत असं नाही. राज्यात २०१८ पासून महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण नोकरीत १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, आणि दिव्यांग अपत्यासाठी वेगळी विशेष बालसंगोपन रजाही आहे. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवस मिळतात. हिमाचल प्रदेशातल्या सरकारी महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेचा मुलगा हाडं ठिसूळ करणाऱ्या जनुकीय आजाराने ग्रस्त होता, वारंवार शस्त्रक्रिया लागत. त्यांची रजा संपली आणि राज्याने बालसंगोपन रजा नाकारली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने ठामपणे म्हटलं की अशी रजा ही मेहेरबानी नाही, स्त्रीच्या नोकरीत टिकून राहण्याच्या हक्काशी तिचा संबंध आहे, आणि राज्याला धोरणाचा फेरविचार करायला लावला. शिक्षकी पेशातल्या एका आईने सगळ्यांसाठी केलेलं हे काम आहे.

पण माझं मत असं की मोठी रजा हे या प्रश्नाचं निम्मंच उत्तर आहे. शस्त्रक्रियेला सलग रजा लागते. थेरपीला लागतो दर आठवड्याचा अर्धा दिवस, वर्षानुवर्षं. तो देण्याची सोय आपल्या नियमांत सहज बसत नाही. शिवाय वडिलांना ही रजा पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तरच. म्हणजे मूल हे आईचंच काम, असं शासनानेच ठरवून टाकलं आहे. नवरा-बायको दोघंही शिक्षक असताना रजा एकटीने खर्च करायची आणि बोलणी एकटीने खायची.

यावर एक छोटी गोष्ट आमच्या हातात होती. जिल्हा परिषदेच्या शाळा शनिवारी सकाळच्या असतात. शनिवारी दुपारी हे लोक मोकळे असतात आणि नेमक्या तेव्हा शहरातली थेरपी सेंटरं आवरायच्या घाईत. ओळखीच्या दोन थेरपिस्टांना विनंती करून शनिवारी दुपारी तीन ते सहा ही वेळ बाहेरगावच्या शिक्षक पालकांसाठी ठेवली. आठवड्यातून दोनदाऐवजी एकदाच, पण एकही शनिवार न चुकता. दोनदा ठरवून महिन्यात तीनदा येण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

प्रमाणपत्र म्हणजे शिक्का नव्हे

सरांना दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायचं नव्हतं. ‘एकदा कागदावर आलं की आयुष्यभर चिकटलं,’ असं त्यांचं म्हणणं. शिक्षकांत हा विरोध मला जास्त दिसतो, कारण कागदाची ताकद त्यांना इतरांपेक्षा चांगली माहीत असते. त्यात मध्यंतरी बदल्यांसाठी खोटी प्रमाणपत्रं जोडल्याची प्रकरणं गाजली, तेव्हापासून खऱ्या पालकांकडेही लोक संशयाने बघतात. स्टाफरूममध्ये ‘बदलीसाठी पोराला आजारी केलं’ असं ऐकून घेतलेले एक वडील माझ्यासमोर रडले आहेत.

तरीही प्रमाणपत्र काढा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने २१ प्रकार मानले आहेत, त्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता हे सगळे येतात. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या नेहमीच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड पालकांची. लहान वयात बहुधा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, पुढे फेरतपासणी होते. म्हणजे ‘आयुष्यभर चिकटलं’ हेही पूर्ण खरं नाही. शिक्षक आयकर भरतात, त्यांना जुनी करप्रणाली निवडली तर कलम ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची आणि तीव्र दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्यविमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो.

आणि बदली. २०१७ च्या बदली धोरणापासून विशेष संवर्ग भाग-१ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांचा समावेश आहे. त्याचा आधार घेऊन सर आणि बाई रस्त्यालगतच्या शाळांत आले. बसथांबा शाळेसमोर.

हा भाग लिहिताना मला अवघड वाटतं. त्या पाड्यावरच्या मुलांची एक चांगली बाई गेली. बाईंनाही ते टोचतं. त्यांच्या वर्गात एक कातकरी मुलगी होती, बहुधा सेरेब्रल पाल्सीची. भाऊ तिला पाठीवर घेऊन यायचा. दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर गेले की तीही जायची. ‘माझ्या मुलासाठी मला बदलीचा अर्ज करता आला,’ बाई म्हणाल्या, ‘तिच्या आईने कुठे अर्ज करायचा?’

मला यावर एकच उत्तर सुचतं. थेरपी तालुक्यात आली पाहिजे. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, वर्षभर, न चुकता स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट तिथे बसले, आणि तो दिवस प्रत्येक शाळेच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिला गेला, तर बाईंना बदली मागावी लागणार नाही आणि त्या मुलीलाही काही मिळेल. शिक्षकाच्या मुलासाठी केलेली सोय पाड्यावरच्या मुलाच्या उपयोगी पडते का, ही कसोटी मी लावतो. शनिवारच्या दुपारची माझी सोय या कसोटीत नापास होते, हे मला मान्य आहे.

स्वतःच्या वर्गात घ्यावं का?

हा प्रश्न हमखास येतो. शक्य असेल तर स्वतःच्या शाळेत घ्या, स्वतःच्या वर्गात नको. वर्गात आईला ‘बाई’ म्हणायचं आणि घरी ‘आई’, हा भेद साध्या मुलांनाही जड जातो. ऑटिझम असलेल्या मुलाला एकाच व्यक्तीच्या दोन भूमिका समजणं फारच अवघड. शिवाय तुम्ही एकतर त्याला फार सांभाळाल किंवा इतरांना दिसू नये म्हणून त्याच्यावरच जास्त कडक व्हाल. छोट्या शाळेत पर्याय नसेल तर निदान एखादा विषय किंवा मधली सुट्टी सहकाऱ्याकडे सोपवा, आणि प्रगतिपुस्तक त्यालाच भरू द्या. समग्र शिक्षा योजनेतल्या विशेष शिक्षकांना वर्गात बोलवा. ते इतर मुलांसाठी येतात तेव्हा आपल्या मुलाबद्दल विचारायला संकोचू नका.

‘प्रेरणादायी’ गोष्टी सांगून या पालकांना दमवूही नका. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनीला, सेरेब्रल पाल्सी होती. अलूर स्वतः शिक्षणक्षेत्रातल्या, विशेष शिक्षणाचा अभ्यास करून त्यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. मालिनी चिब पुढे लंडनला शिकल्या, आत्मचरित्र लिहिलं. हे काम थोरच आहे. पण मोखाड्याच्या बाईंना कुणीतरी ही गोष्ट सांगून ‘तुम्हीही एखादी शाळा काढा ना’ असं सुचवलं, तेव्हा त्या रात्री त्यांना झोप आली नाही. एका मुलाला नीट जेवू घालून वेळेवर झोपवणं हे पुरेसं काम आहे.

तुमची तब्येत

बाई माझ्याकडे मुलासाठी यायच्या. त्यांची डोकेदुखी, ॲसिडिटी, पहाटे तीनला येणारी जाग हे सगळं मला दोन वर्षांनी कळलं, तेही सरांकडून. विशेष मुलांच्या आयांमध्ये नैराश्याचं प्रमाण जास्त असतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. शिक्षकात ते लपून राहतं, कारण दहाच्या ठोक्याला हसऱ्या चेहऱ्याने वर्गात उभं राहायची सवय असते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, कशातच रस नाही, क्षुल्लक कारणावरून वर्गातल्या मुलांवर ओरडणं होतंय, असं असेल तर ते ‘टेन्शन’ म्हणून सोडू नका, त्यावर उपचार आहेत. आणि ‘मी आणि हा, दोघंही नसलो तर बरं’ असा विचार एकदा जरी मनात आला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. डॉक्टर रागावणार नाहीत. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

रात्रीच्या जागेपणी जो प्रश्न छळतो तो बहुतेकांचा एकच असतो: आमच्यानंतर याचं काय? जुन्या पेन्शन नियमांत कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आजीव कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकतं. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना अंशदान योजना लागू झाली. मार्च २०२३ च्या संपात जुनी पेन्शन मागणाऱ्या गर्दीत असे आई-वडीलही होते, ज्यांना ती स्वतःसाठी नको होती. त्यानंतर नियमांत बदल होत आले आहेत, तेव्हा तुमच्या बाबतीत काय लागू होतं ते कार्यालयाला लेखी विचारा आणि सेवापुस्तकात अपत्याच्या दिव्यांगत्वाची नोंद करून घ्या. मूल अठराचं होताना राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी ही सोय आहे. आई-वडिलांचं पालकत्व अठराला कायद्याने संपतं, हे अनेक शिक्षकांनाही माहीत नसतं.

पहिल्या भेटीला येताना मूल घरी खेळतानाचा, जेवतानाचा दोन-तीन मिनिटांचा मोबाइलवरचा व्हिडिओ आणा, कारण दवाखान्यात ते वेगळंच वागतं. जन्माच्या वेळचे कागद, ऐकण्याची तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल आणा. दिवसा मुलाला जो सांभाळतो त्यालाही शक्य झालं तर सोबत घ्या, मग ती आजी असो की पाड्यावरची मावशी. बाईंनी आपल्या मावशींना पुन्हा बोलावलं आहे. मूल आता सात वर्षांचं आहे, मोजके शब्द बोलतं, आणि त्यातले दोन वारली आहेत. रजिस्टर आणू नका.